फाळका वाजायचा बंद झाला

आमचं घर दुधाचं, पण आमच्या घरात चहा मात्र कोराच असायचा. पहाटे धारा काढून झाल्या की आई सगळं दूध फडक्यातून गाळून कॅनमध्ये ओतायची. पातेल्याच्या तळाशी जे भांडंभर राहील ते धाकट्या बेबीला मिळायचं. बाकीचे आम्ही गुळाचा काळा चहा आणि रात्रीची बाजरीची भाकरी खाऊन कामाला लागायचो. त्या वेळची पहाट आठवली की मला आधी आवाजच आठवतात. बादलीत पडणारी पहिली धार, मग फेस आल्यावर तिचा दबलेला आवाज, कॅनच्या झाकणावर आण्णांनी मारलेली मूठ, आणि सगळ्यात शेवटी आमच्या गाडीचा फाळका. आण्णा म्हणजे माझे वडील. आईपेक्षा मी त्यांच्याबरोबर जास्त राहिले, आणि तरी आम्ही दोघं एकमेकांशी फार कमी बोललो असू. मी मुळातच अबोल. शाळा चौथीपर्यंत गावात होती तेवढी झाली, पुढची लांब होती. शाळेत बाईंनी नाव पुकारलं तर "हजर" म्हणायलाही माझ्या घशातून आवाज निघायचा नाही, मी नुसता हात वर करायची. बाईंनाही त्याची सवय झाली होती.

गाडी म्हणजे एक जुनी पिकअप. आण्णांनी ती श्रीरामपूरच्या एका भाजीवाल्याकडून घेतली, आणि त्याच्याही आधी ती आणखी कोणाची तरी होती. रंग कधीकाळी हिरवा असावा. दाराच्या आत अजून कांद्याची पाती चिकटलेली असायची. बॅटरी कायम बसलेली, त्यामुळे एकदा सुरू केलेली गाडी आण्णा दूध घालून घरी येईपर्यंत बंद करत नसत. बंद केली की ढकलावी लागायची. पण या सगळ्याहून मोठं दुखणं होतं फाळक्याचं, म्हणजे हौद्याच्या मागच्या पत्र्याच्या दाराचं. त्याच्या बिजागऱ्या ढिल्या, कड्या ढिल्या, दोन्ही बाजूंच्या साखळ्या लोंबत्या. सपाट रस्त्यावरसुद्धा तो खुळखुळायचा, आणि खड्डा आला की असा दणका द्यायचा की झाडावरचे बगळे उठायचे. आण्णांनी त्याला गोणपाट कोंबून पाहिलं होतं, ट्यूबच्या पट्ट्या काढून करकचून बांधलं होतं. पट्ट्या आठवडाभर टिकायच्या, मग एक दिवस तुटून रस्त्यात कुठेतरी पडायच्या आणि फाळका पुन्हा मोकळा होऊन बोंबलायला लागायचा. "वाजू दी," आण्णा म्हणायचे, "गाडी हाय, देवघर न्हाई."

रोज सकाळी आम्ही वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करत डांबरी रस्त्याला लागायचो आणि तिथून नगरच्या बाहेरच्या दूध केंद्रावर जायचो. आण्णा पुढे स्टिअरिंगवर, मी मागे हौद्यात कॅनच्या मध्ये. मी केबिनच्या टपावर हाताने एक थाप मारली की चल आणि दोन मारल्या की थांब, एवढीच आमची भाषा. माझं खरं काम होतं हाळी द्यायचं. वस्ती आली की उभं राहून "दूऽध" म्हणून ओरडायचं, म्हणजे बायका किटल्या घेऊन बाहेर येतील. आण्णांना वाटायचं की मी ओरडते. पुढे इंजिनाच्या घरघरीत त्यांना मागचं काही ऐकू यायचं नाही. पण मी एक दिवससुद्धा ओरडले नव्हते. गरजच पडली नाही. आम्ही अर्ध्या मैलावर असतानाच फाळक्याचा आवाज पुढे पोचलेला असायचा आणि बायका किटल्या घेऊन रस्त्याला उभ्या असायच्या. तो वाजणारा पत्रा माझं तोंड होता, हे मला फार उशिरा समजलं.

वाटेवर सहा थांबे होते. पाच रस्त्याला लागूनच, दारात उभं राहिलं तरी गाडी दिसायची. सहावा तेवढा निराळा. रस्ता ओढ्यात उतरायचा, फरशीच्या बुटक्या पुलावरून पाणी ओलांडायचा आणि पलीकडे चढून एका मोठ्या बाभळीपाशी यायचा. तिथून ओढ्याच्या काठाकाठाने आत, वेड्या बाभळींच्या आड, गयामावशीचं घर होतं. तिथून रस्ता दिसत नसे. फरशीच्या दगडांवर आमची गाडी उतरली की फाळका सगळ्यात जास्त वाजायचा. तो आवाज झाला की मावशी किटली उचलायची, आणि आम्ही चढ चढून येईपर्यंत बाभळीखाली पोचलेली असायची. डोक्यावर पदर, एका हातात किटली, दुसऱ्या हातात साडीचा काठ. रोज तेच.

गयामावशी बौद्ध. नवरा गेलेला, मुलगा श्रीरामपुरात कामाला, आणि ती सासऱ्याच्या वाटणीच्या तुकड्यात एक म्हैस धरून एकटी राहायची. सातवी शिकलेली होती, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती उलगडून वाचायची. एकदा मी पाणी प्यायला तिच्या घरात गेले होते. भिंतीला बुद्धाची तसबीर, खाली कोऱ्या कापडावर मांडलेली पुस्तकं, आणि जमीन इतकी नीट सारवलेली की पाय ठेवताना मी अवघडले. आधी ती गावातल्या डेअरीवर दूध घालायची. तिथे तिला सगळ्यांच्या शेवटी उभं करायचे आणि तिचं दूध वेगळ्या बादलीत घ्यायचे. कोणी तोंडाने काही म्हणायचं नाही, नुसती बादली पुढे सरकवायचे. आण्णांना हे कळलं तेव्हा ते तिच्या घरी जाऊन म्हणाले, "उद्यापासून आमच्या गाडीत टाका." दुसऱ्याच दिवशी आमच्या शेजारच्या वस्तीवरची काशीबाई कुरकुरली, की आमच्याच कॅनमध्ये का. आण्णांनी कॅनचं झाकण स्वतःच्या हाताने उघडून धरलं आणि म्हणाले, "काशे, तुला येगळा कॅन पाहिजे असंल तर येगळी गाडी बघ." काशीबाईने आपली किटली त्याच कॅनमध्ये ओतली. पण आमच्याही घराचं खरं सांगायचं तर बाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप होता आणि तो गयामावशीसाठी होता. आईने तो ठेवला होता. आण्णांना तो दिसत होता, मलाही दिसत होता. मावशी कधी आली आणि आईने चहा टाकला की ती म्हणायची, "मला च्या न्हाई लागत, बाय." तिला तो कप माहीत होता.

मी सोळा-सतराची झाले आणि मला त्या फाळक्याची लाज वाटायला लागली. गावात मला "खडखडे" म्हणायचे. जी पोरगी कधी बोलत नाही तिला खडखडे म्हणायचं, यात लोकांना फार गंमत वाटायची. एका मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही त्याच गाडीतून गेलो. मांडवापाशी फाळक्याने असा काही सूर लावला की नवरदेवाकडची पोरं उठून उभी राहिली. "आरं, वाजंत्री दुसरीबी आली का काय!" एकजण म्हणाला. सगळा मांडव हसला. मी नवी साडी नेसून कॅनच्या जागी बसलेली, आणि सगळ्यांच्या देखत मला त्याच फाळक्यावरून पाय टाकून खाली उतरायचं होतं. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मी मान वर केली नाही. पुढे महिन्याभरात निरोप आला की केडगावचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. मी आईच्या मागे लागले. मी म्हणजे काय, चुलीपुढे बसून दोनदा म्हणाले, "फाळका नीट करा म्हणावं." आईने आण्णांना सांगितलं. आण्णा शेंगोळी खात होते, ताट खाली ठेवून म्हणाले, "पाव्हणे काय फाळक्याला बघायला येनार हायेत?" आई म्हणाली, "पोर पहिल्यांदा कायतरी मागती. द्या करून." दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर गाडी घराकडे न वळवता त्यांनी केडगावला घेतली.

पुणे रस्त्याला तेव्हा वेल्डिंगवाल्यांची पत्र्याची दुकानं होती. त्यातले इस्माईलचाचा आण्णांच्या ओळखीचे. त्यांनी फाळक्याला एक धक्का दिला, तो जो वाजला त्यावर म्हणाले, "आण्णा, ये फाळका है का ताशा?" मग त्यांनी साखळ्या सोडल्या, पिना ठोकून काढल्या आणि फाळका खाली घेतला. पिना माझ्या हातात दिल्या. झिजून झिजून मध्ये त्यांची कंबर सुतळीएवढी झाली होती, आणि ज्या भोकांत त्या बसायच्या ती गोल राहिलीच नव्हती, अंड्यासारखी लांबट झाली होती. "पिन बदलून काय उपेग," चाचा म्हणाले, "घरच मोठं झालंय तिचं." त्यांनी भोकांवर जाड चकत्या ठेवून वेल्डिंग केलं. "इधर मत देख बेटा, डोळं जातील." मी तोंड फिरवून भिंतीवर नाचणारा निळा उजेड बघत बसले. मग नव्या पिना आल्या. फाळका खांद्यावर तोलून धरायला माणूस पाहिजे होता. आण्णा बोल्ट आणायला गेलेले, म्हणून मीच खांदा दिला. चाचा वाकून म्हणायचे, "थोडा वर... हां... आता खाली," आणि मी लोखंड अंगावर घेऊन उभी. पिन आत सरकली तेव्हा मला खांद्याच्या हाडातून ती बसल्याचं कळलं. कड्यांच्या जागी त्यांनी जुन्या टायरचे तुकडे कापून बोल्टने बसवले, साखळ्यांना ट्यूब गुंडाळली. शेवटी फाळका उचलून लावला, तर नुसतं धप्प. एखादी पेटी मिटावी तसं. चाचा हसले आणि आण्णांना म्हणाले, "आता गाडी चोरीला गेली तरी तुमाला ऐकू यायची न्हाई."

येताना मी हौद्यात बसून फाळक्याकडेच बघत होते. खड्डा आला की मी आपोआप डोळे मिटायची, आणि काहीच व्हायचं नाही. वाऱ्याचा आवाज येत होता, रस्त्याकडेच्या लिंबावरचे राघू ऐकू येत होते. एवढी वर्षं मी या रस्त्याने गेले आणि राघू मला पहिल्यांदा ऐकू आले. मला वाटलं, आता मी चारचौघींसारखी झाले. खांदा दुखत होता तोसुद्धा चांगला वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाच थांब्यांवर बायका होत्याच. गाडी दिसल्यावर त्या धावतपळत आल्या, एवढाच फरक. "आगं बया, आवाज कुटं गेला?" काशीबाई म्हणाली, "मी आपली वाट बघती वाजायची!" मग आम्ही ओढ्यात उतरलो, फरशीवरून गेलो, चढ चढलो. बाभळीखाली कोणी नव्हतं. आण्णांनी गाडी हळू केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गयाबाई न्हाई का? हाळी दे गं."

मी उभी राहिले. रस्त्याच्या कडेला गावातले दोन गडी लिंबाची काडी चावत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. "मावशे, दूध" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते घशापर्यंत आले आणि तिथेच राहिले. गडी बघत होते. गाडी घरघरत होती. आज मी त्या दोघांची तोंडं आठवून बघते, तर ती आठवतसुद्धा नाहीत. हसलेही नसते बिचारे.

"दिली का हाळी?"

"दिली."

"मग काय म्हनली?"

इथे मी "ऐकू गेलं नसंल" म्हणाले असते तरी चाललं असतं. आण्णा खाली उतरून स्वतः हाक मारून आले असते. पण मग हाळी दिली नाही हे उघड झालं असतं, आणि आजच नाही, कधीच दिली नाही हेही. मी म्हणाले, "न्हाई म्हनली. म्हैस आटलीय."

"एवढ्यात?" आण्णा म्हणाले. "दिवाळीला तर व्यायली." पण केंद्रावर आठच्या आत पोचायचं होतं. मी टपावर एक थाप मारली. चल.

तिसऱ्या दिवशी काय होणार हे मला रात्रभर माहीत होतं, आणि मी काहीच केलं नाही. पहाटे आईला सांगता आलं असतं. आण्णा कॅन चढवत होते तेव्हा सांगता आलं असतं. आण्णांच्या लेखी म्हैस आटलेली, म्हणून त्यांनी बाभळीपाशी गाडी हळूसुद्धा केली नाही. चढावरून तशीच पुढे घेतली. मी मागे तोंड करून बसले होते. बाभळ मागे पडली आणि वेड्या बाभळींतून मावशी बाहेर आली. अंदाजाने आधी निघाली असणार, तरी चार पावलं उशीर झाला. किटली भरलेली होती, ती हिंदकळू नये म्हणून ती अंग आवरून पळत होती. पन्नाशीची बाई, दुधाची किटली घेऊन गाडीमागे पळतेय, आणि ते आण्णांना दिसत नाही, फक्त मला दिसतंय. तिने किटली दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात वर केला.

"मंदेऽ! आगं थांबव! मंदे, दूध ऱ्हायलं!"

फाळका वाजत असता तर मला ऐकू आलं नाही असं मला स्वतःला तरी सांगता आलं असतं. पण मीच खांदा देऊन तो गप्प केला होता. तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. तिचा दमही ऐकू आला. माझा हात टपावर होता. दोन थापा मारायच्या होत्या. मी तो हात काढून मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले, कारण मान फिरवायचंही धाडस माझ्यात नव्हतं. ती थांबली. किटली खाली ठेवली. तिने वर केलेला हात लगेच खाली घेतला नाही, तो काही वेळ तसाच राहिला, हे मला अजून दिसतं.

त्यानंतर ती बाभळीपाशी आली नाही. चार दिवसांनी काशीबाई किटली ओतता ओतता आण्णांना म्हणाली, "दादा, बरं केलंत बघा. गयाबाई म्हनत हुती बाजारात, पोरीला पाव्हणे यायचेत म्हनून गाडी नीट केली आन् आमचं दूध बंद केलं. मी म्हनलं, मग काय चुकलं त्यांचं?" आण्णा पुढून म्हणाले, "काय म्हनती गं ती?" इंजिनात त्यांना ऐकू गेलं नव्हतं. काशीबाईने परत सांगायला तोंड उघडलं. मी टपावर एक थाप मारली. ती थाप मला खोटं बोलण्याहून जड वाटते. कारण आता मला माहीत होतं की मावशीने काय धरलंय. गावातल्या डेअरीने बादली पुढे सरकवली तशीच आम्हीही सरकवली, असं तिने धरलं होतं. तिने ते धरणं साहजिक होतं. आमच्या कोनाड्यात कप होताच की.

पाहुणे आले ते एस.टी.ने आले आणि एस.टी.नेच गेले. पोहे खाल्ले, मला नाव विचारलं, शाळा विचारली. गाडी गोठ्याच्या मागे उभी होती, तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. आठ दिवसांनी नकार आला. मुलगी काही बोलतच नाही, म्हणाले.

नकार आला त्याच दिवशी उन्हं कलताना गयामावशी आमच्या अंगणात आली. आण्णांनी तिला वापरायला दिलेली किटली परत करायला आली होती. राखेने घासून इतकी लख्ख केली होती की तीत अंगण दिसत होतं. तिने ती ओट्याच्या कडेला ठेवली, हातात दिली नाही. आई उठली आणि सवयीने कोनाड्याकडे गेली. "च्या नको," मावशी म्हणाली. या वेळी "बाय" म्हणाली नाही.

आण्णा गाडीला टेकून उभे होते. "गयाबाई, म्हैस एवढ्यात आटली म्हनं?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी सुपात बाजरी पाखडत होते. माझे हात थांबले, मान खाली गेली. तिने किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, पण तेवढ्यात तिला सगळं कळलं, असं मला वाटतं. कधीकधी उलटही वाटतं, की आण्णाच आपली लाज झाकायला तसं म्हणतायत असं तिने समजलं असेल. मी सुपातून मान वर केली असती तर कळलं असतं.

"व्हय दादा," ती म्हणाली. "आटली."

जाताना ती गाडीपाशी थांबली. फाळक्याला हात लावून तिने तो जोराने हलवून पाहिला. जागचा हलला नाही. "चांगला बसवलाय," ती म्हणाली. "आता कायबी ऐकू येत न्हाई." आणि गेली. आण्णा तिच्या पाठीकडे बघत राहिले, मग किटलीकडे, मग माझ्याकडे. आत येऊन ते जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले.

दुसऱ्या दिवशी बाभळीपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. ती गाडी रस्त्यात बंद झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती. एकदम सगळीकडे शांत झालं. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. आण्णा खाली उतरले नाहीत, मागे वळूनही पाहिलं नाही. खिडकीतून नुसतं म्हणाले, "दे हाळी."

मी उभी राहिले. आजही रस्त्याला कोणीतरी असेल, नसेल, मी पाहिलं नाही. पहिल्यांदा नुसती हवा आली. आण्णा वाट बघत बसले. दुसऱ्यांदा आवाज निघाला, फाटका, माझा मलाच अनोळखी. "मावशेऽ! दूऽध!" वेड्या बाभळींच्या आडून म्हैस ओरडली. कास भरलेल्या, धारेला आलेल्या म्हशीचा तो आवाज दुधाच्या घरातल्या कोणालाही ओळखू येतो. आण्णांनाही आला. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

मावशी आली. तिचे दोन्ही हात मोकळे होते.

"गयाबाई," आण्णा म्हणाले, "दूध आना. चूक आमची हाय."

"म्हैस आटली न्हवं का, दादा," ती म्हणाली. रागाने नाही. बाजारात भाव सांगावा तसं. "आन् आता तशीबी ती इकायचीय. मला मुलानं बोलवलंय श्रीरामपूरला."

आण्णांनी चावी फिरवली. गाडी नुसती कुंथली. आठ वाजायला आले होते, पाच वस्त्यांचं दूध हौद्यात होतं. ते म्हणाले, "मंदा, उतर. ढकल." मी फाळक्यावरून खाली उतरले, हात लावले आणि जोर केला. भरलेली गाडी माझ्या एकटीने कुठे हलणार? माझे पाय मातीत घसरत होते. तेवढ्यात माझ्या हातांशेजारी दोन हात आले. सावळे, बांगड्यांच्या जागी नुसतं मनगटाचं हाड दिसणारे. मावशीने पदर खोचला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, फाळक्याकडे बघत होती.

"खालून लाव जोर," ती म्हणाली. "खांदा दे."

मी खांदा दिला. केडगावात दिला होता तोच. तिनेही दिला. गाडी हलली, दोन-चार हिसके खाल्ले आणि सुरू झाली. आण्णांनी ती बंद पडू नये म्हणून पुढे घेतली, मला पळत जाऊन चढावं लागलं. वर चढून मी मागे तोंड करून बसले. मावशी रस्त्यात हात झटकत उभी होती. मला काहीतरी म्हणायचं होतं. घसा तर नुकताच मोकळा झाला होता. तिला ऐकूही गेलं असतं, फाळका तर वाजत नव्हता. ती वळली आणि वेड्या बाभळींत गेली, आणि बाभळीचा वाळलेला काटाकुटा तिच्या पायाखाली मोडल्याचा आवाज मला पुढच्या वळणापर्यंत येत राहिला.

पंधरा दिवसांत म्हैस विकली, घराला कुलूप लागलं. आण्णांनी मला कधी काही विचारलं नाही. आईने मात्र तो कान तुटलेला कप एक दिवस उकिरड्यावर फेकला. पुढे मी हाळी देत राहिले, पाच थांब्यांना, लग्न होईपर्यंत, मोठ्याने. कोणी हसलं नाही. गाडी भंगारात गेली तेव्हा आण्णांनी फाळका काढून ठेवला, तो आता चुलतभावाच्या गोठ्याला फाटक म्हणून लावलाय. माहेरी गेले की मी एकदा तो उघडून लावून बघते. इस्माईलचाचांचं काम पक्कं. अजून नुसतं धप्प होतं.